सोरायसिसची बायोलॉजिक इंजेक्शने आणि शरीराचे वजन : सीमाभागातील रुग्णांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

सोरायसिससाठी बायोलॉजिक इंजेक्शने घेणाऱ्या दोन रुग्णांची तुलना आपल्याकडे हमखास होते. चिकोडीतल्या एकाची पाठ तीन महिन्यांत जवळजवळ स्वच्छ झालेली असते आणि त्याच औषधाचे तेवढेच डोस घेतलेल्या निपाणीतल्या दुसऱ्याच्या पायांवरचे जाड चट्टे मात्र जागचे हललेले नसतात. मग कोणी औषधाला बोल लावतो, कोणी पथ्याला, तर कोणी थेट डॉक्टरच बदलतो. या फरकामागे अनेक कारणे असू शकतात, पण त्यांतले एक कारण मोजता येण्याजोगे असूनही बहुतेक वेळा दुर्लक्षित राहते, ते म्हणजे रुग्णाचे वजन. केसपेपरवरच्या एका रकान्यात ते एकदा लिहिले जाते आणि पुढे वर्षभर त्याकडे कोणी वळून पाहत नाही. हा लेख बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातील मराठी रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. बायोलॉजिक औषध निवडताना, घेताना आणि त्याचा गुण तपासताना वजनाचा विचार कोणत्या टप्प्यावर, कसा करायचा, हे त्यात सांगितले आहे. डोस ठरवणे किंवा बदलणे हे त्वचारोगतज्ज्ञांचेच काम आहे. मात्र त्यांच्यासमोर योग्य माहिती ठेवणे आणि योग्य प्रश्न विचारणे हे रुग्णाच्या हाती आहे.

वजनाचा औषधाशी संबंध कसा येतो

सोरायसिस हा त्वचेवर दिसणारा, पण शरीराच्या प्रतिकारयंत्रणेतून उगवणारा आजार आहे. टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१७, इंटरल्युकिन-२३ अशा नावांचे रासायनिक संदेशवाहक प्रमाणाबाहेर सक्रिय होतात, त्वचेच्या पेशी भराभर तयार होऊ लागतात आणि लाल चट्ट्यांवर चंदेरी खपल्या साठतात. बायोलॉजिक औषधे म्हणजे यांपैकी एकेका संदेशवाहकाला नेमके अडवणारी प्रथिने होत. ती पोटात पचून जातात म्हणून त्यांची गोळी करता येत नाही. ती त्वचेखाली टोचावी लागतात किंवा शिरेतून द्यावी लागतात.

वजन इथे तीन वाटांनी आडवे येते. पहिली वाट अशी की, चरबी, विशेषतः पोटाच्या आतली चरबी, ही निव्वळ साठवणीची जागा नाही. तीही टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्युकिन-६ यांसारखे दाह वाढवणारे पदार्थ तयार करते आणि दाह आवरणारे अ‍ॅडिपोनेक्टिन मात्र कमी करते. म्हणजे औषध ज्या आगीवर पाणी टाकत असते, तिलाच शरीर दुसऱ्या बाजूने इंधन पुरवत असते. दुसरी वाट औषधाच्या पातळीची आहे. मोठ्या शरीरात औषध अधिक जागेत पसरते आणि ते बाहेर पडण्याचा वेगही वाढतो, त्यामुळे सर्वांना एकच ठराविक डोस दिला तर जड रुग्णाच्या रक्तातील पातळी कमी राहते. एक एकर उसाला पुरणारे पाणी दोन एकरांत सोडले, तर शेवटच्या सरीपर्यंत ओल पोचत नाही, तसेच हे आहे. तिसरी वाट या दुसरीतूनच फुटते. औषधाची पातळी दीर्घकाळ अपुरी राहिली की शरीर त्या औषधाविरुद्धच प्रतिपिंडे तयार करण्याची शक्यता वाढते, आणि सुरुवातीला लागू पडलेले औषध काही महिन्यांनी निष्प्रभ होऊ लागते. अ‍ॅडॅलिम्युमॅब आणि इन्फ्लिक्सिमॅब या टीएनएफ अडवणाऱ्या औषधांच्या बाबतीत हे अधिक आढळते.

याचा अर्थ जड माणसाला बायोलॉजिक लागूच पडत नाही, असा कोणीही काढू नये. बहुसंख्य रुग्णांना या औषधांचा गुण येतो. वजन जास्त असेल तर संपूर्ण साफ त्वचा मिळण्याची शक्यता काहीशी घटते किंवा वेळ अधिक लागतो, एवढेच. म्हणूनच ‘आधी वीस किलो कमी करा, मग इंजेक्शनचे बघू’ हा सल्ला मला अन्यायकारक वाटतो. अंगभर चट्टे असलेल्या, सांधे आखडलेल्या आणि लोकांच्या नजरा टाळणाऱ्या माणसाला व्यायामाला लावण्यासाठी आधी त्याचा आजार आटोक्यात आणावा लागतो. दोन्ही कामे बरोबरीने चालायला हवीत.

पहिला टप्पा : वजन सांगू नका, मोजा

दवाखान्यात ‘वजन किती?’ असे विचारले की आपण आठवणीतला आकडा सांगतो आणि तो बहुधा दोन-तीन वर्षांपूर्वीचा असतो. बायोलॉजिकच्या बाबतीत ही सवय महागात पडू शकते, कारण काही औषधांचा डोस ठराविक वजनाच्या रेषेवर बदलतो. तपासणीच्या दिवशी चपला आणि जाड कपडे उतरवून काट्यावर उभे राहावे आणि आकडा आपल्या डोळ्यांनी पाहावा. घरी साधा वजनकाटा असेल तर आठवड्यातून एकदा, सकाळी शौचानंतर आणि काही खाण्यापूर्वी वजन घ्यावे. घरात काटा नसेल तर गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातला किंवा ओळखीच्या मेडिकलमधला काटा चालेल. फक्त दरवेळी तोच काटा वापरावा, कारण दोन काट्यांत दीड-दोन किलोंचा फरक सहज पडतो.

वजनाबरोबर उंची आणि कमरेचा घेरही नोंदवावा. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. समजा उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन ८८ किलो आहे, तर १.६५ चा वर्ग सुमारे २.७२ आणि बीएमआय सुमारे ३२.३ येतो. भारतीयांमध्ये कमी वजनालाच पोटाची चरबी आणि मधुमेह दिसू लागतो, म्हणून आपल्यासाठी २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा असे मानले जाते. पाश्चात्त्य तक्त्यातले २५ आणि ३० हे आकडे आपल्याला लागू करू नयेत. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. ज्यांचे हातपाय सडपातळ आणि पोट मात्र पुढे आलेले आहे, अशांच्या बाबतीत टेप काट्यापेक्षा खरे बोलतो.

दुसरा टप्पा : इंजेक्शनपूर्वीच्या तपासण्या

क्षयरोगाची तपासणी सर्वांनाच करावी लागते. छातीचा एक्स-रे आणि मॉन्टू चाचणी किंवा इग्रा ही रक्तचाचणी यांतून सुप्त क्षय आहे का, हे पाहिले जाते. तो आढळला तर प्रतिबंधक औषधे सुरू करून साधारणतः किमान एक महिन्यानंतरच बायोलॉजिक देतात. घरात कोणाला पूर्वी टीबी झाला असेल तर ते लपवू नये. कावीळ बी आणि सी, एचआयव्ही, रक्तगणना, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या चाचण्याही याच वेळी होतात. जिवंत जंतूंच्या लसी बायोलॉजिक चालू असताना घेता येत नाहीत, म्हणून लसीकरणाचा विषय आधीच काढावा.

वजन जास्त असलेल्यांनी यात आणखी काही गोष्टींची भर घालावी. उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब तपासून घ्यावा, कारण सोरायसिस, मधुमेह आणि हृदयविकार हे बरेचदा हातात हात घालून येतात. पोटाच्या सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली तर तो अहवाल त्वचेच्या डॉक्टरांना आवर्जून दाखवावा. बायोलॉजिकच्या आधी किंवा त्याच्या जोडीला मेथोट्रेक्सेट या प्रतिकारयंत्रणा आवरणाऱ्या औषधाच्या साप्ताहिक गोळ्या देण्याची पद्धत आहे आणि लठ्ठपणा, मधुमेह व दारू या तिन्हींमुळे त्या गोळ्यांचा यकृतावरचा धोका वाढतो. थोडे चालल्यावर दम लागत असेल, पावलांना सूज येत असेल, तर हृदयाची इको तपासणी करून घ्यावी. हृदयाची कार्यक्षमता बऱ्यापैकी घटलेल्यांना टीएनएफ अडवणारी औषधे टाळली जातात.

तिसरा टप्पा : माझ्या वजनाला कोणते औषध, हे विचारा

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, म्हणून त्यावर थोडे थांबू. वजनाच्या दृष्टीने बायोलॉजिक औषधांचे तीन गट पडतात.

पहिल्या गटातील औषधे किलोमागे मोजून देतात. इन्फ्लिक्सिमॅब हे शिरेतून देण्याचे औषध किलोमागे ५ मिलिग्रॅम या प्रमाणात पहिल्या दिवशी, दुसऱ्या आठवड्यात, सहाव्या आठवड्यात आणि नंतर दर आठ आठवड्यांनी दिले जाते. इटोलिझुमॅब हे बंगळुरूच्या बायोकॉन कंपनीने २०१३ मध्ये भारतीय बाजारात आणलेले औषधही किलोमागे १.६ मिलिग्रॅम असेच मोजतात. अशा औषधांत जड रुग्णाला डोस कमी पडण्याचा प्रश्न तुलनेने कमी येतो, पण खर्च मात्र वजनाबरोबर चढतो. ९२ किलोंच्या माणसाला इन्फ्लिक्सिमॅबचे ४६० मिलिग्रॅम लागतात, म्हणजे शंभर मिलिग्रॅमच्या पाच कुप्या उघडाव्या लागतात. तोच माणूस ७८ किलोंवर आला तर ३९० मिलिग्रॅम, म्हणजे चार कुप्यांत काम भागते.

दुसऱ्या गटात वजनाची एक रेषा असते. उस्टेकिन्युमॅबचा डोस १०० किलोंपर्यंत ४५ मिलिग्रॅम आणि १०० किलोंच्या वर ९० मिलिग्रॅम असतो. तो पहिल्या दिवशी, चौथ्या आठवड्यात आणि नंतर दर बारा आठवड्यांनी देतात. १०४ किलोंच्या माणसाने जुन्या आठवणीने ‘९७’ सांगितले तर त्याला निम्मा डोस मिळेल, आणि तीन-तीन महिन्यांच्या अंतरामुळे ही चूक लक्षात यायला अर्धे वर्ष निघून जाईल.

तिसरा गट सर्वांत मोठा आहे. त्यात सर्व प्रौढांना एकच डोस देतात. अ‍ॅडॅलिम्युमॅब सुरुवातीला ८० मिलिग्रॅम, आठवड्याने ४० आणि मग दर दोन आठवड्यांनी ४० मिलिग्रॅम; सेक्युकिन्युमॅब पहिले पाच डोस दर आठवड्याला ३०० मिलिग्रॅम आणि मग चार आठवड्यांनी एकदा; गुसेल्कुमॅब १०० मिलिग्रॅम पहिल्या दिवशी, चौथ्या आठवड्यात आणि मग दर आठ आठवड्यांनी; रिसँकिझुमॅब १५० मिलिग्रॅम त्याच सुरुवातीनंतर दर बारा आठवड्यांनी. ५५ किलोंची शिक्षिका आणि १०५ किलोंचा ट्रकमालक यांना या गटात सारखेच औषध मिळते, म्हणून वजनाचा प्रश्न इथेच अधिक टोकदार होतो. त्यातही सगळी औषधे सारखी नाहीत. इंटरल्युकिन-१७ (उदा. सेक्युकिन्युमॅब) आणि इंटरल्युकिन-२३ (उदा. गुसेल्कुमॅब, रिसँकिझुमॅब) यांना अडवणारी नवी औषधे जड रुग्णांतही चांगला गुण देतात. टीएनएफ अडवणाऱ्या ठराविक डोसच्या जुन्या औषधांवर वजनाचा परिणाम अधिक जाणवतो. काही ठिकाणी डोस वाढवण्याची अधिकृत सोयही आहे. युरोपातील मान्यतेनुसार ९० किलो किंवा त्याहून अधिक वजनाच्या रुग्णाला सेक्युकिन्युमॅब गरजेनुसार दर दोन आठवड्यांनी देता येते, आणि अ‍ॅडॅलिम्युमॅबचा १६ आठवड्यांत पुरेसा गुण आला नाही तर ते दर आठवड्याला देण्याचा विचार करता येतो.

म्हणून डॉक्टरांना सरळ विचारावे : ‘माझे वजन इतके आहे. या औषधाचा डोस वजनावर ठरतो का? ठरत नसेल, तर माझ्या वजनात ते पुरेसे काम करेल का? गुण कमी आला तर पुढे काय करायचे?’ हे प्रश्न विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. लाखाच्या घरात जाणाऱ्या उपचारात ते विचारलेच पाहिजेत. निवड अर्थातच वजनावर एकट्यावर होत नाही. सांधे दुखतात का, आतड्याचा दाहक आजार आहे का, टीबीचा धोका किती, औषध इथे मिळते का, हे सगळे डॉक्टर तोलतात. आतड्याचा दाहक आजार असलेल्यांना इंटरल्युकिन-१७ अडवणारी औषधे सहसा टाळली जातात. शिवाय टीएनएफ अडवणाऱ्या औषधांनी काही रुग्णांचे वजन थोडे वाढते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. आधीच वजनाशी झगडणाऱ्याला ही गोष्ट सुरुवातीलाच ठाऊक असावी.

मुलांच्या बाबतीत वजनाचा हिशेब अधिक काटेकोर असतो. उदाहरणार्थ, ६० किलोंखालील मुलांना उस्टेकिन्युमॅब किलोमागे ०.७५ मिलिग्रॅम देतात. मूल वाढत असते, त्यामुळे गेल्या वर्षीचा डोस यंदा अपुरा ठरू शकतो. दरवेळी नव्याने वजन करणे अनिवार्य आहे.

चौथा टप्पा : खर्च आणि दोन राज्यांमधली धावपळ

आपल्या भागात निपाणीचा माणूस कोल्हापूर गाठतो, अथणीचा मिरज-सांगलीला जातो, खानापूरचा बेळगावला येतो, आणि कधी हुबळी-धारवाडलाही जावे लागते. एका रुग्णालयात सुरू झालेले औषध दुसऱ्या राज्यातल्या रुग्णालयात पुढे चालवताना कागद हरवतात आणि सर्वांत आधी हरवते ते सुरुवातीचे वजन. फाइलमध्ये एक पान असे ठेवावे की ज्यावर औषधाचे मूळ नाव, कंपनीचे नाव, डोस, तारीख आणि त्या दिवशीचे वजन असेल. ते शक्यतो इंग्रजीतही लिहून घ्यावे, म्हणजे कन्नड आणि मराठी दोन्हीकडच्या डॉक्टरांना अडचण येत नाही.

योजनेच्या कार्डावर किंवा विम्यावर विसंबून असाल, तर ‘हे इंजेक्शन, एवढे डोस, या रुग्णालयात’ असा नेमका प्रश्न योजनेच्या खिडकीवर पहिल्या डोसच्या आधी विचारावा. रुग्णालयात भरती होण्याचा खर्च मिळणे वेगळे आणि महिन्याकाठी बाहेरून घ्यायच्या इंजेक्शनचा खर्च मिळणे वेगळे. वजनामुळे डोस वाढण्याची शक्यता असेल तर वाढलेल्या डोसचा वर्षभराचा हिशेब आधी मांडावा. भारतीय कंपन्यांनी बनवलेल्या समरूप औषधांमुळे अ‍ॅडॅलिम्युमॅबसारखी औषधे आता पूर्वीपेक्षा बरीच आवाक्यात आली आहेत. पहिले तीन डोस कर्ज काढून घेतले आणि मग पैसे संपले म्हणून थांबवले, असे करण्यापेक्षा वर्षभर परवडेल असे औषध निवडणे केव्हाही चांगले, कारण मध्येच सोडून पुन्हा सुरू केल्याने प्रतिपिंडे तयार होण्याचा धोका वाढतो.

पाचवा टप्पा : इंजेक्शन नीट साठवा, नीट टोचा

औषध २ ते ८ अंश तापमानात, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, मूळ खोक्यासह ठेवावे. दारात ठेवू नये आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटू देऊ नये. गोठलेले इंजेक्शन वितळले तरी वापरता येत नाही. कोल्हापूरहून किंवा बेळगावहून एसटीने आणताना थर्मासच्या डब्यात बर्फाची पिशवी ठेवावी आणि औषधाचे खोके व बर्फ यांमध्ये टॉवेलची घडी घालावी. पावसाळ्यात खानापूरच्या जंगलपट्ट्यात वीज तासन्‌तास जाते. अशा वेळी फ्रिजचे दार उघडू नये, आणि वीज फार काळ आलीच नाही तर औषध वापरण्यापूर्वी मेडिकलवाल्याला किंवा डॉक्टरांना विचारावे. अपुरा गुण आला म्हणून वजनाला दोष देण्यापूर्वी साठवणीत चूक झालेली नाही ना, हे पाहायला हवे.

टोचण्याच्या आधी औषध अर्धा तास बाहेर ठेवावे म्हणजे कमी चुरचुरते. पोटावर, बेंबीपासून दोन इंच सोडून, किंवा मांडीच्या पुढच्या भागावर टोचावे. चट्टा, जखम किंवा घट्ट झालेल्या जागी टोचू नये. पोटाला घड्या पडत असतील तर घडीच्या आत न टोचता, बसून त्वचा हलकेच पसरून सपाट जागा निवडावी आणि दरवेळी जागा बदलावी. पेन दाबल्यावर शेवटचा आवाज किंवा खिडकीतला रंग येईपर्यंत ते हलवू नये. घाईने उचलल्यास औषधाचा थेंब त्वचेवर ओघळतो आणि डोस अपुरा जातो. पहिले दोन डोस परिचारिकेसमोर घ्यावेत.

सहावा टप्पा : वही ठेवा आणि सोळा आठवड्यांनी हिशेब करा

एक साधी दोनशे पानी वही पुरते. प्रत्येक डोसच्या दिवशी एक ओळ लिहावी, उदाहरणार्थ : ‘४ जून. चौथा डोस. डावी मांडी. वजन ९१.४. कंबर १०४. चट्टे साधारण नऊ तळव्यांएवढे. खाज रात्री कमी. गुडघा सकाळी अर्धा तास आखडतो.’ बोटांसह आपला एक तळवा म्हणजे शरीराच्या त्वचेचा सुमारे एक टक्का भाग, या मापाने चट्टे मोजता येतात. डॉक्टर पासी नावाचा गुणांक काढतात, तो शून्य ते ७२ असतो आणि त्यात लाली, जाडी, खपल्या आणि व्याप्ती या सर्वांचा विचार होतो. तो आकडा विचारून वहीत उतरवावा. त्याच उजेडात, त्याच अंतरावरून मोबाईलने काढलेला फोटोही उपयोगी पडतो.

बहुतेक औषधांचा गुण १२ ते १६ आठवड्यांत स्पष्ट दिसतो. त्या आधी औषध ‘फेल’ ठरवू नये. सोळा आठवड्यांनंतरही गुणांक निम्म्यानेसुद्धा उतरला नसेल, तर वही घेऊन जावे आणि डॉक्टरांसोबत क्रमाने पाहावे. सगळे डोस वेळेवर झाले का? साठवण आणि टोचणे बरोबर होते का? या काळात वजन वाढले का? घशाचा संसर्ग, काही गोळ्या, दारू किंवा तंबाखू यांमुळे आजार भडकला का? त्यानंतर डॉक्टरांपुढे काही पर्याय असतात : मान्य मर्यादेत डोस वाढवणे किंवा अंतर कमी करणे, यकृत ठीक असेल तर मेथोट्रेक्सेटची थोडी जोड देणे, किंवा वेगळ्या संदेशवाहकाला अडवणाऱ्या औषधावर जाणे. स्वतःच्या मनाने दोन डोस एकत्र घेणे, किंवा गुण आला म्हणून अंतर वाढवून पैसे वाचवणे, या दोन्ही गोष्टी टाळाव्यात.

सातवा टप्पा : वजन कमी करणे हा उपचाराचाच भाग आहे

कुवेतमध्ये बायोलॉजिक घेणाऱ्या जड रुग्णांवर झालेला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे सांगण्याजोगा आहे. आहार नियंत्रणाने वजन कमी केलेल्या गटात २४ आठवड्यांनी सुमारे ८६ टक्के रुग्णांचा आजार तीन-चतुर्थांशाहून अधिक उतरला. केवळ औषध घेणाऱ्या गटात हे प्रमाण सुमारे ५९ टक्के होते. बायोलॉजिक दोन्ही गटांत चालू होते, फरक वजनाचा होता. सुरुवातीच्या वजनाच्या पाच ते दहा टक्के घट, म्हणजे ९० किलोंच्या माणसाला साडेचार ते नऊ किलो, हे सहा महिन्यांसाठी वाजवी उद्दिष्ट आहे.

आपल्या ताटात यासाठी काही परके आणावे लागत नाही. जोंधळ्याची किंवा नाचणीची भाकरी, मुगाची-मटकीची उसळ, पालेभाजी, ताक आणि काकडी-कांदा हे जेवण उत्तमच आहे. अडचण येते ती भाताच्या दुसऱ्या-तिसऱ्या वाढणीची, तर्रीवरच्या तेलाची आणि चहाची. दिवसाला पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दहा चमचे. एवढ्यातूनच सुमारे दोनशे कॅलरी येतात. ऊसपट्ट्यात गूळ आणि काकवी पौष्टिक मानून सढळ हाताने वाढली जाते, पण वजनाच्या हिशेबात गूळ आणि साखर यांत फारसा फरक नाही. तेलासाठी माणशी महिना अर्धा लिटर हे माप धरावे. चौघांच्या घरात महिन्याला दोन लिटर. कुंदा, करदंट, जत्रेचे मटण यांवर आयुष्यभराची बंदी घालण्याची गरज नाही, मात्र ते सणापुरते ठेवावे. घरात एकट्या रुग्णासाठी वेगळे शिजवले की ते पंधरा दिवसांत बंद पडते, म्हणून बदल साऱ्या घराच्या स्वयंपाकात व्हावा. विशेषतः सगळ्यांचे झाल्यावर उरलेसुरले संपवणाऱ्या आपल्या घरातल्या बायकांना हा सल्ला ‘कमी खा’ एवढ्यावर देऊन भागत नाही; त्यांना वेळेवर, सगळ्यांबरोबर जेवायला बसवावे लागते.

चालणे आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास, हे पुरेसे आहे. सांधे दुखत असतील तर सपाट रस्त्यावर दोन वेळा पंधरा-पंधरा मिनिटे चालावे, आणि सकाळचा आखडलेपणा ओसरल्यावरच निघावे. कडक उपास, फक्त फळांवर राहणे किंवा जाहिरातीतली पावडर यांच्या नादी लागू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना तर ते धोकादायक ठरते. वजन कमी करणारी सेमाग्लुटाइड, टर्झेपेटाइड ही इंजेक्शने आता भारतात मिळतात. मधुमेह किंवा मोठा लठ्ठपणा असलेल्यांनी त्यांबद्दल फिजिशियनला विचारावे, पण ती सोरायसिसच्या औषधाची जागा घेत नाहीत.

आणखी एका गोष्टीबद्दल मला तळमळीने सांगायचे आहे. खाज असह्य झाली की जवळच्या दवाखान्यात एक ‘पॉवरचे’ इंजेक्शन घेण्याची किंवा नाव नसलेल्या पुड्या खाण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यात अनेकदा स्टिरॉइड असते. चार दिवस अंग गुळगुळीत होते, भूक वाढते, चेहरा आणि पोट सुटते, साखर चढते, आणि औषधाचा असर उतरला की सोरायसिस दुप्पट जोराने, कधी पू भरलेल्या पुळ्यांच्या रूपात, परत येतो. बायोलॉजिक चालू असताना असे काही घेतले असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. तंबाखू आणि विडी हा निपाणी भागातला रोजगार आहे, पण त्यांचे सेवन सोरायसिस वाढवते आणि उपचाराचा गुण कमी करते.

वजन आपोआप उतरू लागले तर

सगळी घट आनंदाची नसते. आहारात काही न बदलता दोन महिन्यांत चार-पाच किलो गेले, संध्याकाळी कणकण येऊ लागली, रात्री घामाने अंथरूण भिजू लागले किंवा दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला, तर ते बायोलॉजिकचे यश समजू नये. ही औषधे, त्यातही टीएनएफ अडवणारी, दबलेला क्षयरोग जागा करू शकतात. तो फुप्फुसाबाहेर, ग्रंथींत किंवा पोटातही असू शकतो, त्यामुळे खोकला नसतानाही संशय घ्यावा लागतो. मधुमेह हाताबाहेर गेल्यानेही असेच वजन झरते. अशा वेळी पुढचे इंजेक्शन घेण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करावा, वहीतले मागच्या तीन महिन्यांचे वजन वाचून दाखवावे आणि थुंकीची तपासणी, एक्स-रे व रक्तातील साखर लगेच करून घ्यावी. थुंकीची तपासणी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मोफत होते. मात्र तिथे ‘मला बायोलॉजिक इंजेक्शन चालू आहे’ हे आपणहून सांगावे लागते, कारण कागदावर ते सहसा कोणी विचारत नाही.